कॅम्परव्हॅन ठाण्यात रस्त्यावर उभी ठेवायची तर नियम नेमके काय?

कोलशेत_कोपरा

ट्रॅव्हलर मिनीबसच्या बांधणीवरची कॅम्परव्हॅन (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घ्यायचं ठरतंय. लांबी साधारण ६ मीटर, रुंदी २.१ मीटर, आणि छतावरचा एसी व सोलर पॅनल धरून उंची २.९ मीटर. घर कोलशेत रोडला. सोसायटीत स्टिल्टखाली (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) तुळईपर्यंत २.२५ मीटर मोकळे मिळतात, म्हणजे गाडी आत जाणारच नाही. महिन्यातले दोन शनिवार-रविवार ती बाहेर पडेल, बाकी दिवस उभीच. सासर नेरूळला आहे, त्यामुळे अधूनमधून तिथल्या सेक्टरच्या आतल्या रस्त्यावरही रात्रभर राहील.

नेटवर कुठेतरी '७२ तासांपर्यंत चालतं' असं वाचलं. ते आपल्याकडे लागू आहे का? बोर्ड नसलेल्या रस्त्यावर गाडी किती वेळ ठेवता येते? पुढेमागे ओढून न्यायचा छोटा ट्रेलर घेतला आणि तो सुटा करून उभा केला तर? गाडीत रात्री झोपलं, गाडीच्या कडेचा कापडी छज्जा बाहेर काढला, तर कोण हरकत घेऊ शकतं? आणि आरटीओत नोंद कशी असली म्हणजे नंतर त्रास होत नाही?

मासुंदा_काठ

ताई, ७२ तास हे कॅलिफोर्नियाचं आहे. तिथल्या वाहन कायद्यानुसार शहरं तसा स्थानिक नियम करू शकतात आणि तेवढ्या वेळानंतर गाडी उचलता येते. आपल्याकडे त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडचा आकडा त्याहून बराच कमी आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी गाडी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस किंवा कुणी लक्ष न देता सोडलेली असेल, किंवा जिथे पार्किंगला कायद्याने मनाई आहे तिथे उभी असेल, तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ती टो करायला किंवा तिला जॅमर लावायला सांगू शकतो. गाडी मोडकी असेल आणि वाहतुकीला धोका होत असेल तर १० तासही थांबायची गरज नाही. टोइंगचा खर्च मालकाच्या माथी, दंड वेगळा. या कलमात मोटार, टेम्पो, कॅम्परव्हॅन असा भेद नाही. म्हणून 'घरगुती गाडी आहे, महिनाभर राहिली तर काय बिघडलं' हा युक्तिवाद टिकत नाही. लोकांच्या साध्या गाड्या दिवसेंदिवस उभ्या दिसतात, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तीन मीटर उंच गाडीकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि तक्रारही पहिली तिचीच होते.

ट्रेलरबद्दल: कलम २(२८) मधल्या 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलर स्पष्टपणे धरलेला आहे. सुटा करून ठेवला म्हणून तो 'सामान' ठरत नाही. १० तासांचा नियम त्यालाही लागू. शिवाय त्याला स्वतःचं इंजिन नाही, त्यामुळे हलवा म्हटल्यावर पाच मिनिटांत हलवता येत नाही. रस्त्यावर सुटा ट्रेलर ठेवायचा विचारच सोडा.

बोर्ड नाही म्हणजे मोकळं रान, हाही एक पक्का गैरसमज. २०१७ च्या मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांत बोर्ड नसतानाही लागू होणाऱ्या मनाईच्या जागा दिलेल्या आहेत: फूटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा क्रॉसिंग, चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंतचा भाग, चढण्या-उतरण्याला अडचण होईल असा बसथांबा, शाळा-रुग्णालय किंवा कुठल्याही इमारतीचं प्रवेशद्वार. कोलशेत, ढोकाळी, मानपाड्याच्या आतल्या रस्त्यांवर चालत जाऊन मोजलंत तर लक्षात येईल की दोन चौकांमधून ५०-५० मीटर आणि सोसायट्यांची फाटकं वगळल्यावर फार थोडी कड उरते. उंच गाडीच्या बाबतीत चौकाजवळचा नियम विशेष पाळायला हवा. साध्या मोटारीच्या काचेतून पलीकडचं दिसतं, कॅम्परव्हॅनमागून येणारा दुचाकीवाला मात्र दिसत नाही.

दंडाचं गणित असं. नो-पार्किंग कलम १७७ खाली जातं: पहिल्यांदा ५००, पुढे १,५०० रुपये. गाडीमुळे वाहतुकीला अडथळा होत असेल तर कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत. रक्कम लहान वाटते, पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ (सार्वजनिक वाटेत धोका किंवा अडथळा) लावलं तर दंड ५,००० पर्यंत जातो आणि ते ई-चलनावर मिटत नाही, गुन्हा नोंदवला जातो.

आता तुमच्या नेमक्या रस्त्याचं कसं तपासायचं. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेच्या अधिसूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली निघतात. त्यांत रस्त्याचं नाव, बाजू, 'अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत' आणि वेळ लिहिलेली असते. आधी तुमचा रस्ता कुठल्या वाहतूक उपविभागात येतो ते बघा (कापूरबावडी की कासारवडवली, हद्द रस्त्यागणिक बदलते). मग त्या उपविभागाच्या कार्यालयात रस्त्याचं नाव आणि दोन ठळक खुणा सांगून 'या पट्ट्यात अधिसूचित नो-पार्किंग किंवा सम-विषम पार्किंग आहे का' असं विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागून घ्या. मिळत नसेल तर माहिती अधिकारात एक साधा अर्ज करा.

नौपाड्यासारख्या जुन्या भागात सम-विषम तारखेचं पार्किंग आहे. तिथे गाडी रात्री १२ नंतर आपोआप चुकीच्या बाजूला जाते. दोन दिवस न हलणाऱ्या गाडीला अशा रस्त्यावर जागाच नाही.

तात्पुरत्या अधिसूचना तर सगळ्यात जास्त नडतात. गणेश विसर्जनाला मासुंदा, उपवन, रायलादेवी परिसर, नवरात्रात टेंभी नाका, वर्षा मॅरेथॉनचा मार्ग, मेट्रो ४ चं गर्डरचं काम. या काळात एरवी चालणारे रस्तेही पूर्ण मोकळे करतात. तुम्ही गावाला आणि गाडी अशा रस्त्यावर, असं होऊ देऊ नका. चावी शेजारच्या विश्वासू माणसाकडे हवी आणि त्याला ती गाडी चालवता यायला हवी.

पामबीच_पलीकडे

नेरूळपुरतं मी सांगतो. कायदा तोच, पण रस्ता कुणाचा हे इथे आधी पाहावं लागतं. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठे-पनवेल भागात पनवेल महापालिका, काही भूखंड आणि स्टेशनलगतच्या जागा अजून सिडकोकडे, आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी. वाहतूक पोलीस मात्र सगळीकडे नवी मुंबई आयुक्तालयाचेच. म्हणजे दंड आणि जॅमर पोलिसांकडून, रस्त्यावरच्या अतिक्रमणाची कारवाई महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडून, आणि भूखंडावर गाडी ठेवली तर त्या भूखंडाच्या मालकाकडून. तक्रार कुणाकडून आली ते आधी पाहा, नाहीतर चुकीच्या कार्यालयात अर्धा दिवस जातो.

सेक्टरच्या आतल्या रस्त्याची रुंदी टेपने मोजा. अंदाजावर जाऊ नका. ७ मीटरच्या डांबरी रस्त्यावर समोरच्या बाजूला १.८ मीटरची मोटार, तुमच्या बाजूला २.१ मीटरची व्हॅन, दोन्हींचं कडेपासूनचं अंतर आणि आरसे मिळून ०.६ मीटर. बेरीज ४.५. उरले २.५ मीटर. त्यातून मोटार जाते, पण अग्निशमनची गाडी अडकते आणि कचऱ्याचा कॉम्पॅक्टर वळत नाही. अशा रस्त्यावर रात्रभर गाडी लावणं हा दंडाचा प्रश्न राहत नाही, कुणाच्या तरी जिवाचा होतो. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मधे निदान ४ मीटर मोकळे राहतील असाच रस्ता निवडा.

दुसरी अडचण बेवारस गाड्यांच्या मोहिमांची. महापालिका आणि वाहतूक पोलीस मिळून त्या वेळोवेळी करतात. गाडीवर नोटीस चिकटवतात, मुदत देतात, मग उचलून नेतात. बेवारस ठरवताना आधी बघतात ते काचेवरची धूळ, बसलेला टायर, बोनेटवर साचलेला पाला आणि चाकाभोवती उगवलेलं गवत. खाकी किंवा निळी ताडपत्री घालून दोन वीट-दगड ठेवले की गाडी हमखास त्या यादीत जाते. कव्हर घालायचंच असेल तर नंबर प्लेट उघडी राहील असं घाला. पुढच्या काचेच्या आत एक जाड कागद ठेवा: गाडी चालू स्थितीत आहे, आणि संपर्कासाठी एक मोबाइल नंबर. हा कागद म्हणजे परवानगी नव्हे, पण नोटीस चिकटवण्याआधी फोन येण्याची शक्यता बरीच वाढते.

वाशी, नेरूळ, बेलापूर या स्टेशनांच्या पे अँड पार्कमध्ये विचारताना 'चारचाकी' म्हणू नका, लांबी-उंची सांगा. ६ मीटरच्या गाडीचा शेपटीकडचा भाग मागच्या लेनमध्ये येतो आणि ठेकेदार दोन गाड्यांचे पैसे मागतो. ते वाजवीच आहे. मासिक पास घेताना पावतीवर गाडीचा नंबर आणि 'रात्रभर' हा शब्द लिहून घ्या. मॉल आणि भूमिगत वाहनतळ तुमच्यासाठी बंदच समजा, दारावरच्या उंचीच्या पट्टीखालून २.९ मीटरची गाडी जात नाही.

रोड_ट्रिप_ठाणेकर

एवढा विचार कशाला? १० तास म्हणताय ना, मग दर नऊ तासांनी गाडी दोन फूट पुढे घ्यायची. घड्याळ पुन्हा शून्यावर.

मासुंदा_काठ

@रोड_ट्रिप_ठाणेकर असं होत नाही. कलम १२७ मध्ये दोन वेगळ्या स्थिती आहेत. एक, १० तास लक्ष न देता सोडलेली गाडी. दोन, मनाईच्या जागी लावलेली गाडी. दुसऱ्या स्थितीत घड्याळाचा प्रश्नच नाही, पहिल्या मिनिटापासून कारवाई होऊ शकते. तिसरं म्हणजे कलम १२२: धोका, अडथळा किंवा इतरांना गैरसोय होईल अशा तऱ्हेने गाडी ठेवायची नाही. तिथेही तासांचं माप नाही. दोन फूट सरकवलेली गाडी त्याच फाटकासमोर, त्याच चौकापासून ४० मीटरवर असते. गाडी हलवत राहिल्याने ती बेवारस दिसत नाही, एवढाच त्याचा फायदा.

चाकं_आणि_चूल

नोंदणी आणि वापर या दोन गोष्टींवर लिहिते, कारण पार्किंगची तक्रार आली की पोलीस आधी आरसी मागतात.

केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन 'नॉन-ट्रान्सपोर्ट', म्हणजे बिगर-व्यावसायिक, गटात आहे. नोंदणीच्या 'वाहन' या सरकारी पोर्टलवर वर्ग निवडताना 'कॅम्पर व्हॅन / ट्रेलर (प्रायव्हेट यूज)' असा पर्याय येतो. आरसीवर तेच शब्द हवेत. साधी 'ओम्नी बस' म्हणून नोंदलेली गाडी आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून फिरवली तर ती कलम ५२ खालची विनापरवाना फेरफार केलेली गाडी ठरते. मग कलम १८२अ(४) लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये, किंवा दोन्ही. अशा गाडीचा विमा दाव्याच्या वेळी अडतो, तो त्रास दंडापेक्षा मोठा.

म्हणून घेताना विक्रेत्याकडे एआयएस-१२४ खालचं मंजुरीपत्र मागा. मोटार कॅराव्हॅनसाठीचं मानक तेच आहे आणि चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेत होते. चॅसिस एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असेल तर फॉर्म २२-अ लागतो आणि त्याचा दुसरा भाग बॉडी बांधणाऱ्याने भरलेला असायला हवा. हा भाग नसल्यामुळे आरटीओत फाइल अडकण्याचे प्रकार सर्रास होतात. मंजुरीपत्रावरची लांबी, उंची, आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी टेप लावून जुळवा. छतावर एसी नंतर बसवला असेल तर उंची हमखास चुकते. तुमची नोंदणी ठाण्याला, म्हणजे एमएच-०४. वाशीच्या पत्त्यावर केली तर एमएच-४३.

भाड्याने द्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगा. मग गाडी ट्रान्सपोर्ट वर्गात जाते, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करावं लागतं. खासगी नोंदणी १५ वर्षं चालते. राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे, पण ते कॅराव्हॅन पार्क आणि पर्यटनासाठीच्या गाड्यांबद्दल आहे. त्याचा दाखला देऊन शहरातल्या रस्त्यावर जागा मिळत नाही.

आता झोपण्याचं. उभ्या गाडीत माणूस झोपला म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम मोडत नाही. पण त्याच्याबरोबर येणाऱ्या गोष्टी मोडतात:

– एसीसाठी इंजिन चालू ठेवून मागे झोपणं. कलम १२६ प्रमाणे चालकाच्या जागी परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंद आणि गाडी हलणार नाही अशी व्यवस्था हवी. त्याहून गंभीर म्हणजे बंद जागेत शिरणारा धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत त्याचा अलार्म बसवलेलाच हवा, झोपण्याच्या उंचीवर.

– जनरेटर. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. छोटा पेट्रोल जनरेटर ती सहज ओलांडतो. रस्त्यावर तो लावूच नये.

– छज्जा, टेबल, खुर्च्या, पायरी, वायर. चाकं सोडून काहीही रस्त्यावर किंवा फूटपाथवर आलं की विषय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३० आणि २३१ मध्ये जातो. आयुक्त पूर्वसूचना न देता ते उचलू शकतात. सोसायटीच्या मीटरमधून फूटपाथवरून वायर ओढून गाडी चार्ज करणं याच सदरात येतं, आणि पावसात त्या वायरीचा धक्का बसून माणूस दगावू शकतो.

– सांडपाणी. ओट्याचं पाणी पावसाळी गटारात सोडू नका. ठाण्यातली आणि नवी मुंबईतली ही गटारं खाडीला मिळतात आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ स्थळ आहे. राखाडी पाण्याची (ओट्याच्या सांडपाण्याची) टाकी ६०-१०० लिटरची असते. ती घरी बादलीने मोरीत रिकामी करता येते, फक्त टाकीच्या तोंडाला नळी बसेल असा वॉल्व्ह लावून घ्या. संडासची कॅसेट १८-२० लिटरची, भरल्यावर २० किलोच्या वर जाते. ती लिफ्टने वर नेऊन संडासातच ओतायची. चेंबरचं झाकण उघडून ओतणं चूक आहे.

– गॅस. उभी गाडी सोडून जाताना सिलिंडरचा वॉल्व्ह सिलिंडरवरच बंद करा, शेगडीचा खटका पुरेसा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी हवी आणि ती मॅटखाली झाकलेली नको. रस्त्यावर लांब मुक्कामाला ठेवायची गाडी सिलिंडर काढूनच ठेवा.

कोलशेत_कोपरा

मनापासून आभार. म्हणजे रस्ता हा फक्त सामान भरण्या-उतरवण्यापुरता, असं मी धरते. आता दोन गोष्टी. सोसायटीच्या मोकळ्या जागेत, स्टिल्टबाहेर, जागा मागता येईल का? समितीचं म्हणणं आहे की 'ही व्यावसायिक गाडी दिसते'. आणि जॅमर लागलाच तर नेमकं काय करायचं?

फ्लॅट_नं_शेवटचा

सोसायटीचं सांगतो. गाडी व्यावसायिक दिसते की नाही हा मुद्दाच नाही. आरसीवर 'प्रायव्हेट यूज' आणि तुमचं किंवा कुटुंबातल्या सदस्याचं नाव आहे ना, ती प्रत अर्जाला जोडा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत ७८ ते ८४ या क्रमांकांत पार्किंग येतं आणि धोरण ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. समिती परस्पर 'नाही' म्हणत असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा.

पण समितीचे तीन आक्षेप खरे असू शकतात, त्यांची उत्तरं आधी तयार ठेवा.

पहिला, जागेचं माप. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीची जागा २.५ बाय ५ मीटर धरलेली आहे. तुमची ६ मीटरची गाडी त्यात बसत नाही, १ मीटर बाहेर येते. मोठ्या वाहनाची जागा ३.७५ बाय ७.५ मीटर असते. नकाशात अशी जागा आहे का ते बघा. नसेल तर शेवटच्या कोपऱ्यातली, पुढे भिंत असलेली जागा मागा आणि खडूने आखून दाखवा.

दुसरा, अग्निशमनची वाट. उंच इमारतीभोवती ६ मीटरची वाट बंबासाठी मोकळी सोडलेली असते. ती 'रिकामी जागा' दिसते आणि लोक नेमकी तीच मागतात. ती मिळणार नाही आणि मिळूही नये.

तिसरा, स्लॅब. जागा पोडियमवर, म्हणजे स्लॅबवरच्या मोकळ्या पटांगणात, असेल तर खाली बेसमेंट आहे. पाणी, सामान भरलेली कॅम्परव्हॅन ४ टनांच्या आसपास जाते, मोटार दीड-दोन टन. स्लॅब कशासाठी डिझाइन केला आहे हे नकाशावर किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. जमिनीवरची जागा असेल तर हा प्रश्न येत नाही.

पार्किंग शुल्क दुप्पट मागितलं तर द्यायची तयारी ठेवा. जागा जास्त लागते आहे, आणि बाहेर यार्डात गाडी ठेवण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. ठरावात गाडीचा नंबर, जागेचा क्रमांक आणि मुदत लिहून घ्या.

अजून एक. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही असं जाहीर केलं होतं. तुम्ही बुकिंग कराल तेव्हा जागेचा कागद लागतो का हे आरटीओत आधी विचारा. सभेचा ठराव हातात असेल तर तोच कामाला येईल.

स्पॅनर_१७

जॅमर आणि उभ्या गाडीची देखभाल, दोन्ही एकत्र सांगतो.

जॅमर सहसा रस्त्याकडच्या चाकाला लावतात. काचेवर सूचना चिकटवलेली असते, तिच्यावर वाहतूक उपविभाग असतो. तिथे फोन करा किंवा जा, ई-चलन भरा, कर्मचारी येऊन काढतो. तोपर्यंत गाडी सुरू करून 'थोडी मागे' घेऊ नका. जॅमर फिरून मडगार्ड वाकवतो, ब्रेकचा होज तोडतो, आणि ते काम चलनाच्या कितीतरी पट महाग. स्वतः कापायचा तर विचारही नको. चलन चुकीचं वाटत असेल तर महाट्रॅफिक अॅपवर त्या चलनापुढे तक्रार करता येते. पुरावा म्हणून चार फोटो लागतात: गाडी आणि जवळचा बोर्ड एका चौकटीत, रस्त्याची दोन्ही टोकं, आणि चाकापासून कडेपर्यंतचं अंतर. पार्क करतानाच काढून ठेवले तर त्यांवर वेळही येते.

टोइंगची साधी व्हॅन पुढची चाकं उचलते. मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांपलीकडचा भाग) लांब असल्यामुळे सांडपाण्याचा वॉल्व्ह आणि पायरी रस्त्याला घासते. हे दोन्ही भाग जमिनीपासून निदान २५ सेंटीमीटर वर असतील असे बसवून घ्या.

आता उभं राहणं. जागा रस्त्यावर असो की सोसायटीत, पंधरा-वीस दिवस न हलणाऱ्या गाडीला खाडीकाठची दमट हवा खाते.

बॅटरी: ट्रॅकर, अलार्म, ईसीयू (इंजिनाचा संगणक) मिळून ५० मिलिअॅम्पिअर खातात असं धरा. दिवसाला १.२, महिन्याला ३६ अॅम्पिअर-तास. १०० अॅम्पिअर-तासाची स्टार्टर बॅटरी महिन्यानंतर सेल्फ मारताना कुरकुरते ती यामुळे. त्याहून जास्त खातो आतला इन्व्हर्टर. काहीही जोडलेलं नसताना १५ वॉट म्हणजे १२ व्होल्टवर सव्वा अॅम्पिअर, दिवसाला ३० अॅम्पिअर-तास. इन्व्हर्टर रिमोटच्या बटणाने नव्हे, मेन आयसोलेटरने (बॅटरीपासून तोडणाऱ्या मुख्य स्विचने) बंद करा. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, ५०-६० टक्क्यांवर ठेवा. झाडाखाली किंवा कव्हरखाली सोलर पॅनलचा उपयोग नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

हँडब्रेक: पावसाळ्यात ब्रेकच्या ड्रमला शू चिकटतात आणि मग पहिल्यांदा हलवताना लायनिंग उखडतं. सपाट, खासगी जागेत पहिला गिअर आणि चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक मोकळा. रस्त्यावर मात्र हँडब्रेक हवाच, ठोकळे रस्त्यावर ठेवायचे नाहीत. म्हणून रस्त्यावर जास्त दिवस नको, हे इथेही लागू.

टायर: नेहमीपेक्षा ३-५ पीएसआय जास्त हवा, आणि दर दोन आठवड्यांनी गाडी चाकाचा पाव फेरा तरी पुढे. बाहेर काढलीत तर निदान २० मिनिटं चालवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन फिरवण्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

छत: मे महिन्यात एसीची चौकट, पॅनलचे पाय आणि व्हेंट यांच्याभोवतीचं सीलंट नखाने दाबून बघा. चिरलं असेल तिथे जुनं पूर्ण खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरा. जुन्यावर नवं लावलं की दोन पावसांत सुटतं. एसीच्या तबकातलं भोक पाल्याने बुजतं आणि पाणी आत गळतं, म्हणून पिंपळ-गुलमोहराखाली गाडी लावायची नाही. वादळात फांदी पडण्याचा धोका वेगळा, त्यासाठी विमा थर्ड पार्टी नको, पूर्ण हवा.

उंदीर: नवी मुंबईत गटाराजवळ उभ्या गाडीची वायरिंग एका रात्रीत खाल्ली जाते. आत धान्य, बिस्किटं काहीही ठेवू नका. पाण्याच्या पाइपची आणि शोअर पॉवरच्या (बाहेरून वीज घ्यायच्या) वायरीची भोकं खालून ६ मिलिमीटरच्या जाळीने बंद करा. बोनेट रात्री उघडं ठेवता आलं तर बरं, उंदराला अंधार आणि ऊब लागते. अर्थात हे सोसायटीच्या फाटकाआतच जमेल.

बुरशी: गाद्या उभ्या करून ठेवा, फ्रिजचं दार फडकं अडकवून किलकिलं ठेवा, कपाटं उघडी, छतावरचं व्हेंट जाळीसह एक बोट उघडं. कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे जून ते सप्टेंबर दर दोन-तीन आठवड्यांनी बदलावे लागतात. डबा भरला की त्यातलं पाणी खारट आणि गंज लावणारं असतं, म्हणून तो पत्र्यावर न ठेवता प्लास्टिकच्या टबात ठेवा.